मोहल्ला सभा : वस्तीच्या गरजा कशा ओळखायच्या आणि आधी कोणतं काम हाती घ्यायचं?

जुम्याची नमाज संपली की मशिदीच्या ओट्यावर चार लोक थांबतात. एक म्हणतो, शादीखाना झाला पाहिजे. दुसरा म्हणतो, आधी गटार बघा, पावसात घाण पाणी घरात येतं. तिसऱ्याला पोरांसाठी अभ्यासिका हवी असते. चौथा काहीच बोलत नाही, कारण तो भाड्याने राहतो आणि त्याला कोणी विचारत नाही. पंधरा मिनिटांनी सगळे आपापल्या घरी जातात. पुढच्या जुम्याला हीच चर्चा पुन्हा होते.

आपल्या बहुतेक वस्त्यांची हीच कथा आहे. काम करायची इच्छा असते, थोडाफार पैसाही असतो, नौजवानही तयार असतात. अडतं ते एकाच ठिकाणी : आधी काय करायचं हे ठरत नाही. मग ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची देणगी मोठी, त्याचं म्हणणं चालतं. गरज कोणाची होती आणि खर्च कशावर झाला, याचा मेळ राहत नाही.

यावर जुना आणि साधा उपाय म्हणजे सर्वांना एकत्र बसवून विचारणं. पण ही बैठकही नीट घ्यावी लागते. ती कशी घ्यायची, कोणाला बोलवायचं, काय विचारायचं, यादीतलं पहिलं काम कसं निवडायचं आणि ते सरकारदरबारी कसं न्यायचं, हे या लेखात आम्ही टप्प्याटप्प्याने मांडत आहोत. गावातली जमात, शहरातला मोहल्ला, सोसायटी किंवा महिला मंडळ, सगळ्यांना हे वापरता येईल.

मशवरा ही आपलीच रीत

कुरआनच्या ४२ व्या सूरहचं नावच 'अश्-शूरा' आहे, म्हणजे सल्लामसलत. त्यातल्या ३८ व्या आयतीत श्रद्धावंतांची ओळख सांगताना नमाज आणि खर्च यांच्या मधोमध आपसातल्या मशवऱ्याचा उल्लेख येतो. म्हणजे मशवरा ही फावल्या वेळची गोष्ट नाही.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या जीवनातले तीन प्रसंग इथे लक्षात घेण्यासारखे आहेत. हिजरी सन ३ मध्ये उहुदच्या वेळी प्रेषितांचं स्वतःचं मत मदीनेत राहून बचाव करावा असं होतं. तरुण सहाबांचा आग्रह बाहेर पडून लढण्याचा होता. प्रेषितांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं. त्या लढाईत मुस्लिमांचं मोठं नुकसान झालं. तरीही त्यानंतर सूरह आलि इमरानच्या १५९ व्या आयतीत आदेश आला तो लोकांना माफ करण्याचा आणि त्यांचा सल्ला घेत राहण्याचा. एखाद्या निर्णयाचा परिणाम वाईट झाला म्हणून विचारणं बंद करायचं नाही, हा त्यातला धडा आहे.

दुसरा प्रसंग हिजरी ५ मधला. मदीनेभोवती खंदक खणण्याची कल्पना हजरत सलमान फारसी (रजि.) यांची होती. ते इराणहून आलेले, तिथल्या कुठल्याही टोळीचे नव्हते. बाहेरून आलेल्या माणसाकडेही वस्ती वाचवणारी कल्पना असू शकते.

तिसरा प्रसंग हिजरी ६, हुदैबियाचा. करारानंतर सहाबा दुःखी होते, कुर्बानी करायला कोणी उठत नव्हतं. तेव्हा हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सुचवलं की कोणाशी न बोलता आपण स्वतः कुर्बानी करा आणि केस उतरवा, लोक आपल्या मागे करतील. प्रेषितांनी तसंच केलं आणि पेच सुटला. महिलांना सभेत कशाला बोलवायचं, असं कोणी म्हणालं तर हा प्रसंग सांगावा.

गरज वेगळी, उपाय वेगळा

सभेत पहिली गफलत इथेच होते. "हॉल हवा" ही गरज नाही, तो उपाय आहे. त्यामागची गरज कदाचित अशी असेल की लग्नाचा खर्च गरीब घराला झेपत नाही. तसं असेल तर हॉलबरोबर आणखी उपाय निघतात : साधा निकाह मशिदीत करणं, जेवणावळीला मर्यादा घालणं, भांडी आणि मंडप जमातीने अल्प भाड्याने देणं. हॉलला लाखो रुपये आणि जागा लागते, बाकीच्यांना लागत नाही.

म्हणून कोणी "अमुक पाहिजे" म्हणालं की एक प्रश्न विचारायचा : "ते नसल्यामुळे आज कोणाचं काय अडतं?" याचं उत्तर म्हणजे खरी गरज. वहीत तेच लिहायचं.

आम्ही जवळून पाहिलेली एक वस्ती सांगतो. तिथे पुरुषांच्या बैठकीत तीन मागण्या निघाल्या : प्रवेशद्वारावर कमान, शादीखाना आणि दिवे. दिवे म्हणजे चौकात मोठा हायमास्ट. नंतर महिलांची वेगळी बैठक झाली. त्यांनीही दिवे मागितले, पण चौकात नव्हे. नाल्याकडून हायस्कूलकडे जाणाऱ्या वाटेवर. उर्दू शाळा सातवीपर्यंतच होती. पुढच्या शाळेतून यायला हिवाळ्यात अंधार व्हायचा, म्हणून पाच मुली घरी बसल्या होत्या. ही गोष्ट पुरुषांना माहीत नव्हती असं नाही. प्रत्येक बापाला आपल्या मुलीचं माहीत होतं, पण हे पाच घरांचं एकच दुखणं आहे हे कोणालाच दिसलं नव्हतं.

त्या वाटेवर सहा खांब लागले. कमानीला जो खर्च येणार होता, त्याच्यापेक्षा कमी पैशात. पुढच्या जूनमध्ये तीन मुली परत शाळेत गेल्या. उरलेल्या दोघींची लग्नं तोवर ठरून गेली होती. विचारायला उशीर झाला तर त्याची किंमत अशी कोणीतरी मोजत असतं.

सभेपूर्वीची तयारी : तीन आठवडे

रिकाम्या हाताने सभेत गेलं की फक्त भाषणं होतात. म्हणून आधी माहिती गोळा करायची.

पहिला आठवडा, वस्तीतून फेरी. पाच-सहा जणांनी, त्यात दोन महिला आणि एक वृद्ध असावेत, सकाळी आणि रात्री अशी दोनदा वस्ती पायी फिरायची. पाणी कुठे साचतं, कचरा कुठे पडतो, दिवा कुठे नाही, कोणतं गटार उघडं आहे, नळाला पाणी किती वाजता येतं, हे कागदावर हाताने काढलेल्या नकाशात मांडायचं.

दुसरा आठवडा, घरोघर विचारणं. लांबलचक फॉर्म नको. पाच प्रश्न पुरे :
१. घरात किती माणसं, त्यात शाळेच्या वयाची मुलं किती? शाळेत न जाणारं कोणी आहे का?
२. गेल्या वर्षभरात घराला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?
३. कोणता दाखला किंवा कार्ड नसल्यामुळे काम अडलं आहे का?
४. घरात दीर्घ आजारी, अपंग, एकटं किंवा निराधार कोणी आहे का?
५. वस्तीसाठी तुम्ही काय देऊ शकता : वेळ, हुन्नर, जागा की पैसा?

पाचवा प्रश्न विसरू नका. त्याने माणूस नुसता मागणारा राहत नाही. वस्तीत इलेक्ट्रिशियन आहे, निवृत्त शिक्षिका आहे, सेतू केंद्रात काम केलेला मुलगा आहे, हे याच प्रश्नातून कळतं. आजार, कर्ज, घरगुती भांडण अशी माहिती मात्र नावानिशी सभेत वाचायची नाही. ती अमानत आहे. सभेत फक्त आकडे सांगायचे.

तिसरा आठवडा, असलेली माहिती मिळवणं. अंगणवाडी ताई, आशा ताई, शाळेचे मुख्याध्यापक आणि रेशन दुकानदार यांना वस्तीची नाडी माहीत असते. पाचवीत किती मुलं होती आणि दहावीला किती उरली, एवढे दोन आकडे शाळेतून मिळाले तरी डोळे उघडतात.

देशपातळीवरचे आकडे आपण भाषणात वापरतो. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवलं की २००१ च्या जनगणनेत मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के होती, तर देशाची सरासरी ६५.१ टक्के. महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये आपला अहवाल दिला. हे अहवाल महत्त्वाचे आहेतच. पण आपल्या गल्लीत किती मुलं शाळेबाहेर आहेत हे त्यात मिळणार नाही. ते आपल्यालाच मोजावं लागेल. आणि ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या टेबलावर तोच आकडा चालतो.

कोणाला बोलवायचं?

"सर्वांना आमंत्रण आहे" अशी पाटी लावली की नेहमीचेच लोक येतात. म्हणून यादी करून एकेकाला भेटून बोलवा.

महिला : त्यांची बैठक आधी आणि वेगळी घ्या, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, शाळेत किंवा अंगणवाडीत. बैठक चालवणारी आणि लिहून घेणारी दोघी महिलाच असाव्यात. नंतर मोठ्या सभेत त्यांचे मुद्दे त्यांच्यापैकीच कोणीतरी मांडावेत.

भाडेकरू आणि बाहेरगावहून आलेले मजूर : सगळ्यात जास्त गैरसोय त्यांची होते आणि जमातीच्या वहीत त्यांचं नाव नसतं.

वेगवेगळ्या बिरादऱ्या आणि मसलक : गटार तुंबल्यावर पाणी कोणाचा मसलक विचारून घरात शिरत नाही. मतभेदाचे दीनी विषय या सभेत येणार नाहीत, हे आधीच जाहीर करा. शक्यतो सभा शाळेत किंवा समाजमंदिरात घ्या, म्हणजे कोणाला परकं वाटणार नाही.

नौजवान : १५ ते २५ वयाच्या मुलामुलींना नुसतं खुर्च्या लावायला बोलवू नका. त्यांचंही म्हणणं ऐका.

शेजारचे गैरमुस्लिम बांधव : रस्ता, पाणी, दवाखाना हे सगळ्यांचे विषय आहेत. एकत्र मागणी गेली तर तिचं वजन वाढतं. भिवंडीचा अनुभव आपल्यासमोर आहे. १९८४ च्या दंगलीनंतर, १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या गेल्या. दोन्ही समाजांचे साधे लोक नियमित एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली.

सभेचा दिवस

वेळ दोन तास, त्याहून जास्त नको. असर ते मगरिबच्या मधली वेळ कमी पडते, म्हणून रविवारी सकाळी दहा किंवा इशानंतर घेतलेली बरी. रमजान, परीक्षा आणि लग्नसराई टाळा. कोकणात मुंबईकर चाकरमानी आणि आखातातून सुट्टीवर आलेले लोक गावी असतात तो काळ साधता येतो. पण निर्णय मात्र बारमाही गावात राहणाऱ्यांच्या गरजेवरच व्हावा.

सभेचा क्रम असा ठेवता येईल :
• तिलावत आणि सभेचा हेतू, १० मिनिटं. सत्कार आणि हारतुरे नकोत.
• फेरीत आणि घरोघरच्या पाहणीत काय दिसलं, १५ मिनिटं. नकाशा भिंतीवर लावा.
• महिलांच्या बैठकीचे मुद्दे, १० मिनिटं.
• छोटे गट, ४० मिनिटं. आठ-दहा जणांचे गट करा आणि शिक्षण, आरोग्य, पाणी-स्वच्छता, रोजगार, दाखले असे विषय वाटून द्या.
• प्रत्येक गटाचे मुद्दे फळ्यावर, २० मिनिटं.
• प्राधान्य ठरवणं, २० मिनिटं.
• जबाबदारी आणि पुढची तारीख, ५ मिनिटं.

छोट्या गटांची ही पद्धत केरळमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. १९९६ मध्ये तिथे जनतेच्या नियोजनाची मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजना निधीपैकी ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे देण्याचं ठरलं. ग्रामसभेत आलेल्या लोकांना विषयवार गटांत बसवलं गेलं. शंभर लोकांसमोर उभं राहून न बोलणारा माणूस आठ जणांत बोलतो, हे त्यामागचं साधं कारण.

सभा चालवणारा माणूस पक्षाचा उमेदवार किंवा ट्रस्टचा सदर नसावा. शिक्षक, डॉक्टर, निवृत्त कर्मचारी असं कोणीतरी चालेल. एका माणसाला दोनच मिनिटं, आणि सगळे बोलून झाल्याशिवाय कोणाला दुसरी संधी नाही, हा नियम पाळा.

आधी काय? निवडण्याच्या दोन पद्धती

पहिली पद्धत, चिंचोक्यांची. प्रत्येक गरजेसाठी एक डबा ठेवा आणि त्यावर चित्र चिकटवा : नळ, दिवा, पाटी-पुस्तक, दवाखाना. प्रत्येकाला तीन चिंचोके द्या. ते तीन वेगळ्या डब्यांत टाकता येतील किंवा सगळे एकाच डब्यात. लिहितावाचता न येणाऱ्यालाही हे जमतं आणि कोणी कोणाला मत दिलं हे उघड होत नाही. महिलांचे आणि पुरुषांचे डबे वेगळे ठेवून टक्केवारी वेगळी काढा. सभेला ७० पुरुष आणि ३० महिला आल्या आणि सगळे चिंचोके एकत्र मोजले, तर महिलांची गरज आकड्यातच बुडून जाते.

दुसरी पद्धत, गुणांची. चिंचोक्यांत वर आलेल्या चार-पाच गरजांना चार कसोट्या लावा आणि प्रत्येकीला १ ते ५ गुण द्या :
क) किती घरांना याचा त्रास आहे?
ख) आणखी वर्षभर थांबलो तर किती नुकसान होईल?
ग) सगळ्यात दुबळ्या घराला याचा किती फायदा होईल?
घ) हे आपल्या आवाक्यात किती आहे?

समजा एका वस्तीत असे गुण पडले. दाखल्यांसाठी शिबिर : ३, ४, ५, ५, एकूण १७. गटाराचं काम : ४, ५, ४, ३, एकूण १६. अभ्यासिका : २, ३, ३, ४, एकूण १२. शादीखाना : ४, १, २, १, एकूण ८. सभेच्या सुरुवातीला शादीखान्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. गुण लावल्यावर तो शेवटी गेला, आणि यात कोणी कोणाचा अपमान केला नाही. आपला मुद्दा मागे का गेला, हे मांडणाऱ्याला स्वतःलाच दिसतं.

या उदाहरणात दाखले पहिले आले ते उगीच नाही. बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण जुन्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं. ओबीसी जात प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जुनी महसुली नोंद शोधायला वेळ लागतो. बारावीनंतर प्रवेशाच्या धावपळीत हे होत नाही आणि मुलाची जागा जाते. घरोघर विचारलं तर किती मुलं या अडचणीत आहेत ते आधीच कळतं. शिबिराला खर्च जवळपास नसतो.

गुणांचा आकडा हा मात्र शेवटचा शब्द नाही. जिवावर बेतणारी गोष्ट असेल, जसं की उघडी विजेची तार, पडकी भिंत किंवा दूषित पाणी, तर तिला गुण लावत बसू नका. ती त्याच दिवशी पहिली.

हे काम कोणाचं? तीन ढीग करा

यादी झाली की प्रत्येक कामाचे तीन ढीग करा.

पहिला ढीग, आपण स्वतः करू शकतो. दाखल्यांचं शिबिर, शिकवणी, रक्तगट यादी, जुन्या पुस्तकांची पेटी. इथे पैशाचा प्रश्न आला की एक गोष्ट स्पष्ट असावी. जकातीचे हकदार कोण, हे सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आठ प्रकारांत सांगितलं आहे. गटार, हॉल, दिवे यांवर जकात खर्च करता येईल असं धरून चालू नका. अशा कामांसाठी लिल्लाह आणि ऐच्छिक देणग्यांचा वेगळा हिशेब ठेवा. कोकणात बहुतांश लोक शाफई आहेत आणि राज्यात इतरत्र बहुतांश हनफी, म्हणून तपशिलाची शंका आपल्या भागातल्या आलिमांनाच विचारावी.

दुसरा ढीग, सरकारचं काम. रस्ता, गटार, पाणी, दिवे, शाळेच्या खोल्या, अंगणवाडी. यासाठी आपण कर भरतो. हे काम चंद्यातून करून टाकलं की गरीब घराने एकाच कामाचे दोनदा पैसे दिल्यासारखं होतं.

तिसरा ढीग, दोघांनी मिळून. जागा वक्फची किंवा जमातीची आणि योजना सरकारची. अशा ठिकाणी जागेचे कागद आधी तपासा. वक्फ मिळकत असेल तर वक्फ मंडळाच्या परवानगीचा विषय येतो.

सरकारदरबारी कसं न्यायचं?

गावात : मोहल्ला सभेचा ठराव म्हणजे ग्रामसभेचा ठराव नव्हे. तो ग्रामसभेत न्यावा लागतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिलं. ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. राज्यात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली ग्रामसभा होतात. त्या साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. आपल्या महिलांच्या बैठकीतले मुद्दे तिथेच मांडायला सांगा.

गावाचा विकास आराखडा 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमात तयार होतो. २ ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा सुरू होते. म्हणून आपली मोहल्ला सभा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झालेली चांगली. मार्चमध्ये जाऊन निधी मागितला तर तो वाटून झालेला असतो. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतींच्या निधीपैकी ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधील ठेवला होता. अशा अटी माहीत असल्या की गटार आणि पाणी कोणत्या निधीतून मागायचं हे सांगता येतं.

शहरात : अर्थसंकल्पाची जुळवाजुळव हिवाळ्यातच सुरू होते. त्याआधी वॉर्ड कार्यालयात आणि नगरसेवकाकडे लेखी मागणी द्या. पुणे महानगरपालिका २००६ पासून नागरिकांकडूनच प्रभागातली छोटी कामं सुचवून घेते. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये सुरू केलेल्या लोकसहभागी अर्थसंकल्पाचंच हे आपल्याकडचं रूप म्हणता येईल. पुण्यातल्या वाचकांनी अर्जाची मुदत चुकवू नये.

अल्पसंख्याकांसाठीच्या योजना : २००८-०९ मध्ये सुरू झालेला बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम २०१८ पासून प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रम या नावाने चालतो. शाळा, वसतिगृह, आरोग्य केंद्र अशी कामं त्यात बसतात. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाच्याही अल्पसंख्याकबहुल वस्त्यांसाठी योजना आहेत. याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. प्रस्तावासोबत घरोघरच्या पाहणीचे आकडे जोडा.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली प्रत जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून "आमच्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारा. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत माहिती देणं बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क लागत नाही. भाषा सौम्य ठेवा, पण पाठपुरावा सोडू नका.

सभेनंतरचे चाळीस दिवस

बऱ्याच सभा इथेच मरतात. लोक येतात, बोलतात आणि पुढे काहीच कळत नाही. पुढच्या वेळी निम्मेच येतात. ते टाळायला चार गोष्टी करा.

एक, आठवड्याच्या आत इतिवृत्त तयार करून मशिदीच्या, शाळेच्या आणि किराणा दुकानाच्या फलकावर लावा. काय ठरलं, कोणी करायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं त्यात हवं.

दोन, कामं तीनच निवडा. एक चाळीस दिवसांत होणारं, एक वर्षात होणारं आणि एक लांबचं. पहिलं छोटं काम वेळेत झालं की लोकांचा विश्वास बसतो.

तीन, पैशाचा हिशेब दर महिन्याला त्याच फलकावर लावा. जमा, खर्च, शिल्लक. कोणी मागण्याआधीच.

चार, जे काम यादीत मागे पडलं त्याच्या माणसाला जाऊन भेटा. त्याला सांगा की तुमचा मुद्दा वहीत आहे आणि सहा महिन्यांनी यादी पुन्हा उघडणार आहे. नाराज होऊन गेलेला माणूस परत आणणं फार कठीण जातं.

नेहमीच्या चुका

निवडणुकीच्या तोंडावर सभा घेणं, म्हणजे ती कोणाच्यातरी प्रचाराची होते. देणगीदाराला आधीच शब्द देऊन मग लोकांना विचारणं. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या मतांना वस्तीचं मत समजणं, जेव्हा निम्म्या बायका आणि वृद्ध त्या ग्रुपवर नसतातच. वीस मागण्यांचं निवेदन देणं, ज्यातली एकही धड वाचली जात नाही. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे गरीब घराला फक्त मदत घेणारं समजणं. ज्याच्या घरात पाणी शिरतं, त्यालाच पाणी कुठून येतं ते नेमकं माहीत असतं.

सुरुवात कुठून करायची?

मोठी तयारी जमत नसेल तर एवढंच करा. येत्या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या दहा घरी जा. त्यात एक घर भाडेकरूचं, एक विधवा बहिणीचं आणि एक असं असू द्या जिथे तुम्ही आजवर कधी गेला नाहीत. एकच प्रश्न विचारा : "गेल्या वर्षात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" उत्तर आहे तसं वहीत लिहा, स्वतःचं काही मिसळू नका.

दहा उत्तरं समोर ठेवून वाचली की सभेची विषयपत्रिका तयार झालेली असेल. जुम्यानंतर ओट्यावर उभं राहून तीच चर्चा पुन्हा करण्यापेक्षा ती वही घेऊन बसलेलं बरं. आणि त्या ओट्यावर गप्प उभा असलेला चौथा माणूस आठवतो ना? पहिल्यांदा त्याच्याच घरी जा. अल्लाह आपल्या सर्वांना ही अमानत नीट सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.